लग्नाआधी परवाना लागतो का?

प्रश्न : मी आमगाव तालुक्यातली, मुलगा बालाघाटचा. जाती वेगळ्या आहेत. आम्हाला नोंदणी विवाह करायचा आहे. आधी परवाना काढावा लागतो का?

उत्तर : आपल्याकडे परवाना नसतो, नोटीस असते. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे तुम्ही दोघांनी गोंदियाच्या विवाह अधिकाऱ्यांकडे लेखी नोटीस द्यायची. त्याआधी दोघांपैकी एकाने किमान 30 दिवस जिल्ह्यात राहिलेले असावे. तुमचा पत्ता पुरेसा आहे. नोटीस कार्यालयात लावली जाते. मुलाचे कायमचे घर बालाघाटला असल्याने तिची प्रत तिथेही जाते, म्हणून घरच्यांना कळेल हे धरूनच चाला. 30 दिवसांत वैध आक्षेप आला नाही तर लग्न लागते. मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांत ते लागले पाहिजे, नाहीतर नवी नोटीस द्यावी लागते. त्या दिवशी तीन साक्षीदार हवेत.

मुलगा 21, मुलगी 18 वर्षांची पूर्ण असली की पालकांची संमती लागत नाही. जात वेगळी किंवा घरचे नाराज, हे कायद्याने आक्षेपाचे कारणच नाही. धीर सोडू नका. हा हक्क तुमचा आहे.

विधीने लग्न केलेत तर नोटीस नको, पण 90 दिवसांत नोंदणी जरूर करा.