ईदची तारीख एक दिवस का चुकते?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये सणांची यादी टाकते आहे. इंग्रजी तारखेवरून हिजरी तारीख काढली, तर ईद एक दिवस आधीच आली. प्रोग्रॅममध्ये काय चुकलं असेल?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : प्रोग्रॅम बहुधा बरोबर आहे, त्याने धरलेलं कॅलेंडर मात्र आपल्याकडचं नाही. जावातला ‘हिजराहडेट’ सौदी अरेबियाच्या ‘उम्म अल-कुरा’ कॅलेंडरवर चालतो. त्यात महिन्याची सुरुवात मक्केतला सूर्यास्त आणि चंद्रास्त यांच्या गणिताने आधीच ठरलेली असते. भारतात हिजरी महिन्याच्या २९ तारखेच्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर नवा महिना लागतो, नाहीतर ३० दिवस पूर्ण करतात. २०२४ची रमजान ईद सौदीत १० एप्रिलला झाली, महाराष्ट्रात ११ला. केरळने मात्र १० तारखेलाच साजरी केली. म्हणजे ‘भारत’ एवढीच नोंद ठेवूनही भागत नाही.

दुसरी पद्धत निव्वळ आकडेमोडीची. तीस वर्षांच्या चक्रात ११ वर्षं ३५५ दिवसांची, बाकीची ३५४ची. एकूण १०,६३१ दिवस. सरासरी महिना खऱ्या चांद्रमासाच्या इतका जवळ जातो की हजारो वर्षांत जेमतेम एका दिवसाचा फरक पडतो. पण एखाद्या विशिष्ट महिन्यात एक-दोन दिवस इकडेतिकडे होतातच. दाऊदी बोहरा समाज अशाच ठरीव कॅलेंडरने चालतो, त्यामुळे मुंबईत त्यांची ईद बहुतेकदा इतरांच्या आधी येते. तुमच्या सोसायटीत बोहरा आणि इतर मुस्लिम अशी दोन्ही घरं असतील, तर अ‍ॅपने दोन्ही तारखा दाखवायला हव्यात.

म्हणून डेटाबेसमध्ये रमजान ईदसाठी ‘१ शव्वाल’ अशी हिजरी तिथी आणि सोबत कॅलेंडरचा प्रकार साठवा. इंग्रजी तारीख त्यावरून काढा आणि ती ‘अपेक्षित’ म्हणून दाखवा. चंद्रदर्शनाची घोषणा झाली की एक दिवस पुढे-मागे करता येईल, अशी सोय ठेवा. डॉटनेटच्या हिजरी कॅलेंडरमध्ये उणे दोन ते अधिक दोन दिवसांची अशी दुरुस्ती मुळातच आहे. पुढचा महिना काढताना सरसकट ३० दिवस मिळवू नका. ते काम लायब्ररीवर सोपवा. हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो, हेही ध्यानात असू द्या.

घोषणा रात्री होते. तेव्हा दुरुस्तीचं बटण कोण दाबणार, ते रमजानच्या आधीच ठरवून ठेवा.