परसबाग कोणासाठीं ?

कोंकणांतील घराला पुढें अंगण व मागें परस असावयाचें, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. आपलें राजापूर अर्जुना व कोदवली ह्या नद्यांच्या संगमापाशीं वसलेलें. पावसाळ्यांत सखल बाजारपेठेंत पुराचें पाणी शिरतें. परंतु चढावरील घरांच्या मागें डोकावल्यास केळी, अळू, शेवगा व पडवळाचा मांडव हे दृष्टीस पडतात. अलीकडे मोठ्या शहरांतून गच्चीवर भाजीपाला लावण्याची हौस वाढली आहे, व तिला ‘शाश्वत जीवन’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. तेव्हां परसबागेची रीत काय, आणि ती वस्तुतः कोणासाठीं, ह्या दोन प्रश्नांचा येथें विचार करूं.

प्रथम रीत. आपल्या जिल्ह्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; पण तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें व जमीन उतरती असल्यामुळें पाणी टिकत नाहीं, आणि वैशाखांत विहिरी तळ गांठतात. म्हणून न्हाणीचें व भांडीं घासल्याचें पाणी वायां घालविणें येथील गृहिणीस परवडत नसे. तें पाटानें केळीच्या व अळूच्या मुळाशीं सोडीत; ह्या दोहोंस ओल मानवते, व पाणी न साचल्यामुळें डांसही वाढत नाहींत. भांडीं राखेनें घासलीं जात, म्हणून तें पाणी झाडांस फारसें बाधत नसे. आजच्या धुण्याच्या पावडरीचें पाणी तितकें निर्दोष नव्हे. चुलींतील राखेंत पालाश असतें, ती भाजीच्या आळ्यांत जाई. वाल व चवळी ह्यांच्या मुळांवरील गांठींत सूक्ष्म जंतु असतात, ते हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. पाला व शेण ह्यांचें खत होई. ह्याप्रमाणें घरांतून फेकून देण्याजोगें थोडेंच उरे.

हें सर्व करणाऱ्या बायांनीं त्यास कोणतेंही मोठें नांव दिलें नव्हतें. घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणींत. त्याची मनिऑर्डर येईपर्यंत परसांतील भाजीवर निभावून न्यावें लागे. जी काटकसर आज सुशिक्षितांस नवा विचार वाटते, ती त्यांच्या घरीं गरज होती. आणि त्यांचे श्रम कोणीं हिशेबांत धरले नाहींत.

आतां दुसरा प्रश्न. परसबागेस तीन गोष्टी लागतात : जमीन, पाणी व सवड. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनीं ‘प्रयोग परिवार’ उभारून, १० गुंठे जमिनीवर ज्ञान व श्रम लावल्यास एका कुटुंबाचा निर्वाह होऊं शकतो, असा विचार मांडला. विचार मोलाचा आहे. परंतु आपण थोडें गणित करूं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हां १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे एका कुटुंबाच्या बागेस लागणाऱ्या जागेंत तशा ६८ खोल्या मावतील ! त्या खोलीच्या खिडकींत तुळशीची कुंडी राहील, पण तिच्यावर पांच माणसांचें पोट भरणार नाहीं.

गांवांतही जमीन सर्वांस समान मिळाली नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यांत खोती होती. कुळानें राबावें व खोतानें वाटा न्यावा. ती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबई विधिमंडळांत मांडलें, व कायदा होण्यास १९४९ साल उजाडलें. पाण्याचेंही तसेंच. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं सत्याग्रह करावा लागला. ज्यास पिण्याच्या पाण्याचीच मनाई, त्यास अळू शिंपण्याचा उपदेश कोणत्या तोंडानें करावा ?

मग उपाय काय ? इंग्लंडांत १९०८ च्या कायद्यानें, गांवच्या लोकांनीं मागणी केल्यास त्यांस अल्प भाड्यानें बागेची जमीन देण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोंपविलें. तेथील ठराविक तुकडा सुमारें अडीच गुंठ्यांचा असतो. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनें लोकांस भाजी पिकविण्यास सांगितलें, तेव्हां शहरांतील मजुरांजवळही कुदळ मारावयास असे तुकडे होते. आधीं जमीन दिली, मग उपदेश केला. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

ह्यावरून परसबाग व्यर्थ आहे असें कोणीं समजूं नये. मिरचीचें एक रोप वाढविणाऱ्या मुलास शेतकऱ्याच्या श्रमांची किंमत कळते. आपल्या घरीं परस असेल, तर रोज किती बादल्या सांडपाणी निघतें व तें कोठें जातें, हें एक आठवडाभर लिहून ठेवा. आजीस विचारून पडवळ, दोडका व वाल ह्यांचें बीं राखा, आणि ज्या वर्गबंधूच्या घरीं परस नाहीं त्यास भाजींतील वांटा द्या. आणि पालकांस एवढीच विनंती, कीं गांवांत पडीक सार्वजनिक जागा असेल, तर ती बिनजमिनीच्या कुटुंबांस लागवडीसाठीं मिळावी, अशी मागणी त्यांनीं नगरपरिषदेकडे करावी.