टोकाला जोर लावू नकोस

हमरिया फ्री झोन,
शारजा

चि. निनाद यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या रायफलीच्या ओतीव गोळ्यांचे फोटो मिळाले. शिसं मऊ आहे म्हणून टोकं बसतात, तेव्हा अँटिमनी वाढवू का, असं तू विचारलं आहेस. इतक्यात मिश्रणाला हात लावू नकोस. फोटो मोठा करून बघ. टोकाभोवती गोल कडी उमटली आहे, आणि तीही एका अंगाला खोल, दुसऱ्या अंगाला उथळ. ही खूण पंचाची आहे. उन्हाळ्यात इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामं बंद ठेवायचा नियम आहे, त्या वेळी यार्डातली माणसं गार हवेला आमच्या टूलरूममध्ये येऊन बसतात. त्यातल्या एका मल्याळी टर्नरला फोटो दाखवला. गोळी त्याने जन्मात कधी हातात धरलेली नाही, पण पहिला प्रश्न त्याने हाच केला, की वरचा पंच कुठल्या जॉबसाठी बनवलेला आहे?

गोळी साइझ करताना, म्हणजे मापाला आणताना, तुझ्या यंत्रात ती बुडावर उभी राहते आणि वरचा पंच तिचं टोक दाबून तिला डायमध्ये उतरवतो. अंगावरचा दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धातू दाबायला जेवढा जोर लागतो, तेवढा सगळा टोकातून खाली जातो. बोथट गोळीला ते सोसतं. टोकदार गोळीचा शेंडा बारीक, त्याच्यावर पंचाचा तळ टेकला की तो चेपणारच. पंचाची खोबण रुंद असली तर शेंडा वाचतो, पण गोळी आत कलते, आणि डाय तिला एका बाजूने जास्त घासते. चेपलेला शेंडा डोळ्यांना दिसतो म्हणून तुला त्याची काळजी लागली आहे. मला त्या कललेल्या अंगाची जास्त लागली आहे.

फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1909 साली गोळीच्या उड्डाणावर पुस्तक छापलं. त्याने गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडून पाहिल्या. टोक बिघडवलेल्या गोळ्या बऱ्याच सरळ गेल्या, बूड बिघडवलेल्या भरकटल्या. कारण उघड आहे. गोळी नळीच्या तोंडातून सुटते तेव्हा मागचा वायू बुडाच्या कडेवरून बाहेर पडतो. ती कड एका जागी आधी सुटली तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. तेव्हा गोळी हातात घेतलीस की आधी बूड बघ, मग कलली आहे का ते बघ, आणि शेंडा सगळ्यात शेवटी.

उपाय दोन आहेत. सोपा आधी सांगतो. आरपार ढकलणारी डाय घे. तिच्यात गोळी टोकाकडून आत शिरते, खालून सपाट दांडा बुडाला रेटतो आणि गोळी वरून बाहेर पडते. टोकाला काहीही लागत नाही. बुडाला तांब्याची वाटी, म्हणजे गॅस चेक, वापरत असशील तर तीही त्याच दाबात बुडावर घट्ट बसते. आमच्याकडे पंपाचे गनमेटलचे ओतीव बुश बसवतानाही हाच हिशोब असतो: जोर जॉबच्या रुंद, सपाट बाजूला द्यायचा आणि नाजूक बाजू मोकळी सोडायची. डायचं तोंड मात्र नीट तपास. आत जायचा उतार गुळगुळीत हवा. नखाला कड लागली तर बारीक एमरीने, तेल घालून, लेथवर फिरवून पॉलिश कर. मोजमापाच्या सरळ भागाला हात लावू नकोस, नाहीतर डाय मोठी होऊन बसेल. गोळ्या कोरड्या ढकलू नकोस, हलकं वंगण लाव. आणि बाहेर पडलेल्या गोळ्या जमतात त्या डबीच्या तळाशी जाड फडकं घाल. एवढं करून टोकं वाचवायची आणि मग एकमेकांवर आपटून पोचे आणायचे, हे मी कितीतरी पार्ट्सच्या बाबतीत पाहिलं आहे.

जुनं यंत्रच वापरायचं असेल तर पंच तुझ्याच गोळीवरून बनव. पंचाची खोबण मोठी करून तिच्यात इपॉक्सी भर. एका चांगल्या गोळीला मेणाचा पातळ हात दे आणि शेंड्यावर मेणाचा छोटा थेंब ठेव. गोळी डायमध्ये उभी करून पंच हलकेच खाली आण आणि रात्रभर तसाच राहू दे. पंच आपोआप डायच्या मध्यावर येतो. मेणाच्या थेंबामुळे शेंड्यापुरती जागा मोकळी राहते आणि दाब शेंड्याखालच्या फुगीर अंगावर पसरतो.

आता मापाचं. तुझी रायफल .303 आहे, पण या नावावर जाऊन डाय मागवू नकोस. नळीच्या खाचांतलं माप नावापेक्षा बरंच जास्त असतं आणि रायफलीगणिक बदलतं. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून काढ आणि तो मोज. ली-एनफिल्डच्या नळीला बहुतेक पाच खाचा असतात, त्यामुळे एका खाचेसमोर दुसरी खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर खोटं माप देतो. व्ही-अँव्हिलचा मायक्रोमीटर कुणाकडे मिळतो का बघ. गोळी त्या मापाहून एक-दोन थाऊ मोठी ठेव. साच्यातून ती चार-पाच थाऊ मोठी पडत असेल तर डायकडून सगळं काम करून घेऊ नकोस, मधल्या मापाची डाय लावून दोन खेपांत उतरव. अँटिमनी वाढवलीस तर ओतीव गोळी आकसते कमी, म्हणजे साच्यातून आणखी मोठी पडेल आणि जोर आणखी लागेल. गरम गोळ्या पाण्यात टाकून कडक करत असशील तर त्याच दिवशी साइझ कर. तो कडकपणा पुढचे काही दिवस चढत जातो.

एक मत न विचारता देतो. टोकदार साचा तू का निवडलास? 1910 च्या मार्क 7 पासून .303 ची गोळी टोकदार झाली, हे खरं, पण ती जॅकेटची गोळी होती आणि तिचा वेग मोठा. ओतीव गोळी तू त्याहून बरीच सावकाश झाडणार. त्या वेगाला टोकाचा फायदा थोडाच, आणि टोक लांब झालं की नळीत धरायला अंग कमी उरतं. बोथट साचा घेतलास तर या पत्रातला निम्मा मजकूर तुला लागणारच नाही. तुझ्या मित्राची लिव्हरची रायफल आहे म्हणतोस. तिच्या नळीच्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं. टोकदार गोळ्या त्याला अजिबात देऊ नकोस.

लायनोटाइपचं भंगार मिळालं म्हणून तू खूश आहेस. ते साधारण चौऱ्याऐंशी भाग शिसं, बारा अँटिमनी आणि चार कथील असतं, गोळीला नुसतं वापरायला महाग आणि गरजेपेक्षा कडक. मऊ शिशात मिसळून पुरवून वापर. तुझे आजोबा पुण्याच्या छापखान्यात आयुष्यभर असेच शिशाचे खिळे जुळवत बसले. खिळा ओतल्यावर त्याचं शेपूट पायाकडून मोडायचे आणि पायच तासायचे. अक्षराच्या तोंडाला हत्यार लागू देत नसत. शिसं पोटात जाऊ नये म्हणून ते जेवायला बसण्याआधी हात राखेने घासायचे, हे तुझ्या आईला आठवत असेल. तुझ्या घरात रांगतं मूल आहे. गॅरेजमधले कपडे आणि बूट गॅरेजमध्येच सोड, तिथे खाणं-पिणं नको, केर झाडूने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पूस. पण भट्टीजवळ ओलं काही आणू नकोस. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर सगळं तोंडावर उडतं.

दिवाळीला भारतात जाताना इथे चार दिवस उतरणार आहेस, तेव्हा नमुना दाखवायला म्हणून एकही गोळी आणू नकोस. रिकामं काडतूसही नाही. रेंजवर नेतोस ती बॅग प्रवासाला घेऊच नकोस. शिवणीत अडकलेल्या एका काडतुसापायी मुंबईच्या विमानतळावर पोलिसांत जबाब द्यावा लागतो, आणि इथेही कुणी हसून सोडत नाही. मला फक्त मापं पाठव: टोकाची लांबी, फुगीर भागाचा व्यास दोन-तीन ठिकाणी, आणि तुझ्या पंचाच्या दांड्याचा व्यास. पंचाचं ड्रॉइंग मी काढून ठेवतो, तिकडच्या एखाद्या टर्नरकडून करून घे.

सूनबाईंना आशीर्वाद, बाळाला गोड पापा.

तुझा,
मामा