परिसरपाठ : चिऱ्याची खाण
(इयत्ता पाचवी)



कोकणातील कित्येक शाळांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. मुले त्या भिंतींना टेकून बसतात. परंतु तो चिरा कोणत्या सड्यावरून व कोणाच्या श्रमाने आला, हे त्यांस क्वचितच ठाऊक असते.

पूर्वतयारी : खाणमालकांची व पालकांची संमती घ्यावी. यंत्र बंद असतानाच जावे व मुलांस कडेपासून दूर उभे करावे. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे खोल पाणी साचते व उभ्या कडांमुळे वर येता येत नाही. तेथे कधीही जाऊ नये, हे पुनःपुन्हा बजावावे.

निरीक्षण : ताज्या चिऱ्यावर व शाळेच्या जुन्या चिऱ्यावर खिळ्याने रेघ ओढवावी. ताजा चिरा मऊ लागेल. उष्ण व पावसाळी हवेत मूळ खडकातील सिलिका दीर्घकाळ झिरपून जाते. लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. लोहामुळे जांभ्यास तांबडा रंग येतो, आणि उघड्या हवेत सुकल्यावर तो कठीण होतो. म्हणूनच पूर्वी तो हाताने, टिकावाने काढता येई. आता बहुतेक ठिकाणी पातीचे यंत्र चालते. सन १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारातील अशाच दगडास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट.

मापन : एका चिऱ्याची लांबी, रुंदी व उंची मोजून घनफळ काढावे. वर्गाच्या एका भिंतीस किती चिरे लागले, याचा अंदाज मुलांनीच करावा.

एक अनुभव : अशाच एका सहलीत, वर्गात कधी न बोलणारा एक मुलगा पुढे झाला. त्याचे आईवडील परगावाहून खाणीवर आलेले. एका चिऱ्यातील मातीने भरलेली भोके दाखवून तो म्हणाला, “गुरुजी, हा घेऊ नका. पावसात माती निघून जाईल आणि चिरा खचेल.” त्या दिवशी तोच आमचा शिक्षक झाला. मी मात्र वर्षभर त्याच्या वहीवर ‘अप्रगत’ असाच शेरा पाहत आलो होतो.

खाणीवरील मुले शाळेबाहेर राहू नयेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क अधिनियम, २००९ सांगतो. त्यांस वर्गात आणावे, व त्यांच्याजवळचे ज्ञान फळ्यावर लिहावे.

स्वाध्याय : ‘आमच्या शाळेची भिंत’ या विषयावर दहा ओळी लिहा.