बांधावरचा मारवेल राखा

बांधाच्या सफाईसाठी आता बरेच शेतकरी विळ्याऐवजी फवारणीचा पंप हाती घेतात. तणनाशकाने बांध पिवळा पडतो आणि काम झाले असे वाटते. परंतु त्या बांधावर मारवेल असेल तर त्याबरोबर दरवर्षी फुटणारा चारा आणि माती धरून ठेवणारी मुळेही जातात. उघड्या बांधावर मग गाजर गवतासारखी तणे आधी जागा घेतात, आणि काळ्या मातीचा बांध पावसात खचू लागतो.

बांधावरचे गवत शेतात शिरते, ही तक्रार अगदीच खोटी नाही. हरळी आणि कुंदा जमिनीखालील खोडांनी पसरतात. कुंदा तर भारी जमिनीत इतका खोल जातो की साध्या नांगरटीला दाद देत नाही. मारवेल तसा नाही. तो ठोंबाने वाढतो, काही धुमारे जमिनीवरून सरकतात इतकेच. म्हणून फवारण्यापूर्वी गवत ओळखावे. मारवेलच्या काडीच्या गाठीवर पांढऱ्या केसांचे कडे असते. त्याच्या डायकँथियम ॲन्युलेटम या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘कडे असलेले’ असा आहे. तुरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला व जांभळट झाकेचा असतो.

गायरानातून तो का गेला?

दबडघाव व शंकरनारायण यांनी 1973 मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रमुख प्रकार सांगितले. त्यांत दख्खनचे पठार पवना-मारवेल प्रकारात येते. म्हणजे ही आपल्या मातीतलीच बहुवर्षायू गवते. आज मात्र अनेक गायरानांवर कुसळीच दिसते.

याचे कारण जनावरांच्या आवडीत आहे. मारवेल गोड व पालेदार असल्याने जनावरे तोच आधी शोधून खातात. पहिल्या पावसानंतरची फूट ही मुळांत व बुडख्यात साठवलेल्या अन्नावर येते. ती वारंवार खुरटून खाल्ली की साठा संपतो व ठोंब मरतो. त्या जागी कुसळी येते. तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व तोंडात रुततात, त्यामुळे ती पक्व झाल्यावर जनावरे तिला टाळतात. चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही हटते आणि हलकी वर्षायू गवते उरतात. ती पाऊस संपताच वाळतात व जमीन उघडी पडते.

उन्हाळ्यात गवत पेटवल्याने नवी फूट जोमाने येते असे म्हणतात. फूट येते खरी, पण आगीचा फायदा कुसळीला अधिक होतो. तिचे कुसळ ओल लागताच पिळा सोडते व बियाणे मातीत खुपसते. तेथे ते जाळापासून वाचते. चांगले गवत असलेल्या माळावर वृक्षारोपणासाठी सरसकट खड्डे घेणेही आम्हाला पटत नाही.

लागवड व कापणी

मारवेलचे बी हलके, केसाळ असते व उगवण अनिश्चित असते. त्यामुळे जुन्या ठोंबाच्या मुळासह फुटी काढून पावसाळ्याच्या सुरुवातीस, चांगली ओल झाल्यावर लावाव्यात. 45 × 30 से.मी. अंतराने हेक्टरी सुमारे 74 हजार फुटी लागतात. एवढ्या एकदम मिळणे कठीण, म्हणून बांधावरचा मारवेल हीच रोपवाटिका समजावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मारवेल-8 व फुले मारवेल-06-40 हे वाणही आहेत. ओळींमध्ये स्टायलो पेरल्यास चाऱ्यातील प्रथिने वाढतात.

पहिल्या वर्षी जनावरे आत सोडू नयेत. त्यानंतर फुलोरा दिसू लागताच, बुडापासून सुमारे 10 से.मी. ठेवून कापणी करावी. दिवाळीनंतर पिवळे पडलेले गवत कापले तर वजन मिळते, पण प्रथिने फार थोडी उरतात. गायरानाचा निदान एक भाग दरवर्षी आळीपाळीने पावसाळाभर बंद ठेवावा. त्यासाठी मेंढपाळांसह सर्व पशुपालकांशी आधी बोलून, कोणता भाग केव्हा बंद राहील हे ग्रामसभेत मृगापूर्वीच ठरवावे.