आधी आडवे जा, मग वर चढ

वंशावळ करायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी मूळपुरुष शोधायला निघतो. कुठल्या गडावर होते, कुणाच्या पदरी होते, असे मोठमोठे प्रश्न विचारतो आणि पणजोबांपाशी येऊन अडतो. बाळ, वारसांचे फेरफार लिहिण्यात आणि तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. त्यातून उमगलेले आत्या म्हणून सांगते. अडलास की वर बघत बसू नकोस, बाजूला बघ. पणजोबांच्या बापाचे नाव त्यांच्या स्वतःच्या कागदात नसले, तरी धाकट्या भावाच्या, विधवा वहिनीच्या किंवा दिल्या घरच्या बहिणीच्या कागदात सापडते.

कागदाआधी माणसे गाठ

कागद आणखी दहा वर्षे टिकेल, नव्वदीतली चुलत आजी टिकेलच असे नाही. लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायकांना आधी भेट. माहेरची माणसे त्यांनी मनात जपलेली असतात. प्रत्येकीची दोन्ही नावे लिहून घे, माहेरचे आणि सासरचे. लग्नात नाव बदलल्यामुळे एकच बाई दोन जणी होऊन बसते, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ.

‘जन्म कधीचा?’ असे विचारलेस तर उत्तर मिळणार नाही. ‘१९४४ ला गोदीत स्फोट झाला तेव्हा तू कुठल्या चाळीत होतीस? कडेवर कोण होते?’ असे विचार. डोंबिवलीतल्या कितीतरी घरांची वाट गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून आलेली आहे. भाडेपावती, जुने रेशनकार्ड, गिरणीचा किंवा रेल्वेचा नोकरीचा कागद असे काही उरले आहे का, ते त्याच बैठकीत विचार. गावचा पत्ता अनेकदा त्यांतच असतो. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या गावठाणांतली आगरी घरे असतील, तर लग्नात धवला म्हणणारी धवलारीण गाठ. कोण कुणाच्या घरात दिली, हे अशा बाईला पाठ असते.

श्राद्धाची यादी माग

पितृपक्षात गुरुजींना द्यायची नावांची चिठ्ठी अनेक घरांत असते. तिच्यात बाप, आजा, पणजा येतात, तशी आई, आजी, पणजीही येते. शिवाय आईच्या माहेरच्या तीन पिढ्या आणि पुढे काका, आत्या, मामा, मावशी, सासरे. म्हणजे आडवी वंशावळ आयती हातात येते. बायकांची नावे इतकी सलग दुसरीकडे क्वचितच मिळतात. घरातली चिठ्ठी हरवली असेल तर चुलत घराची माग. पणजा एकच असेल, तर निदान पणजा-पणजीची नावे तीच.

सातबाऱ्यावर थांबू नकोस, फेरफार काढ

सातबारा आजचा मालक सांगतो. तो मालक कसा झाला, हे फेरफार सांगतो. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, ते धरून मागे मागे जा. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ठाणे जिल्ह्यातले स्कॅन केलेले जुने कागद घरबसल्या शोधता येतात. तिथे नसेल ते तहसील कचेरीत नकलेचा अर्ज करून मिळते.

वाचताना चार खुणा ओळख. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप वारला असावा, एवढा अंदाज त्यावरून येतो. आणि ‘ए.कु.मॅ.’ दिसले की सावध हो. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागते आणि बाकीचे भाऊ त्यामागे दडतात. ते पुढच्या वाटणीच्या फेरफारात बाहेर येतात. बहिणींची नावे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत जास्त दिसतात. त्याआधीच्या नोंदीत मुलगी नाही, म्हणजे मुलगी नव्हती, असे समजू नकोस.

आपली जमीनच नव्हती, म्हणून हात टेकू नकोस. ज्याची जमीन कसली त्याच्या उताऱ्यात कूळ म्हणून आपला माणूस सापडतो. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्या सुमाराच्या नोंदी बारकाईने वाच.

शाळेतली १ जून खरी मानू नकोस

प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव मिळते. जन्मतारीख मात्र कितीदा मास्तरांनी अंदाजाने १ जून टाकलेली असते. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, दिवस खरा असतो, पण बारसे झालेले नसल्याने मुलाचे नावच नसते. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच. दोन्ही शेजारी ठेवून भावंडांचा क्रम लाव, म्हणजे कोण कोणता ते उलगडते. आडनाव जुळले नाही तरी घाबरू नकोस. जुन्या नोंदीत नुसते नाव आणि बापाचे नाव असते, आडनाव बऱ्याच घरांना शाळेत गेल्यावर चिकटले. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकच नाव एकाआड एक पिढीत येते. तिथे ‘बिन’ पुढचे नाव बघितल्याशिवाय जोडणी करू नकोस.

जिल्हा, साल आणि लिपी तपास

गाव जागच्या जागी राहते, जिल्हा हलतो. वसई, डहाणू, जव्हारकडचे गाव असेल तर २०१४ पासून पालघर बघ. मालवण, सावंतवाडीकडचे असेल तर १९८१ आधीच्या कागदावर रत्नागिरी असेल. त्याहून मागे जायचे तर साष्टीतले ठाणे १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि कल्याण १८१७ पर्यंत पेशव्यांकडे राहिले. कल्याण प्रांताच्या त्या काळासाठी पुण्याचे पेशवे दप्तर बघावे.

शक सालात ७८ मिळव, जानेवारी ते मार्च असेल तर ७९. फसलीत ५९०, जानेवारीनंतर ५९१. मोडी वाचणाऱ्याला कागद देताना त्यातली गावे आणि आडनावे आधी सांगून ठेव, कारण मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांतली जुनी दप्तरे उघडली गेली. आपल्या तालुक्यातले काय बाहेर आले, तेही विचार.

नाशिकला रिकाम्या हाताने जाऊ नकोस

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळी असतात. तिथे आडनावाबरोबर मूळ गाव सांगावे लागते. गावावरून उपाध्याय ठरतात, त्यांच्या वहीत आपल्या घरच्यांनी लिहिलेली नावे मिळतात. त्यात चुलते, पुतणे, सुना असतात, म्हणजे पुन्हा आडव्या फांद्या. दक्षिणा दे आणि निघताना आजच्या घराची नावे लिहून ये.

तुझी मैत्रीण ईस्ट इंडियन घरातली आहे ना? तिला चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरे बघायला सांग. आईबापांसोबत तिथे धर्ममातापित्यांचीही नावे असतात आणि ते पुष्कळदा नात्यातलेच. बेने इस्रायली घरांना आडनावातच गाव मिळते, पेणकर म्हणजे पेणचे. त्यांनी ठाण्याच्या १८७९ च्या शार हाशामायिम सिनेगॉगपासून आणि दफनभूमीतल्या मराठी-हिब्रू दगडांपासून सुरुवात करावी.

रिकामी जागा रिकामी ठेव

हे सगळ्यांत अवघड. दोन नावांमधले खिंडार बघवत नाही आणि कुणीतरी ऐकीव नाव घालून ते बुजवतो. पुढचे सगळे ते नाव खरे मानतात. प्रत्येक नावापुढे कुठून मिळाले ते लिही. दोन वेगळ्या जागी सापडले तर शाईने, एकाच जागी सापडले तर पेन्सिलीने. जातपडताळणीला जोडायच्या वंशावळीत तर अंदाजाचे एकही नाव नको, ते शपथेवर द्यायचे असते. कागदांचे फोटो काढून तीन घरांत ठेव. २६ जुलै २००५ च्या पाण्यात कल्याण-बदलापूरकडच्या तळमजल्यांवरच्या पेट्यांचे काय झाले, ते कुणालाही विचार.

आणि एक. छापील कुळवृत्तांतांत मुलीच्या नावाशी रेघ संपते, तू तिथे थांबू नकोस. तिचे सासर, तिचे नवे नाव, तिची मुले लिही. उद्या आपल्याकडचा कागद गेला आणि तुझा पणतू अडला, तर तिच्याच घरचा कागद त्याला वर चढवेल.