चालता चालता बोलणे

लहान मूल पहिल्यांदा पाऊल टाकते, तेव्हा त्याचे सारे चित्त पायांत असते. कोणी हाक मारली, की ते वळून पाहते आणि बदकन खाली बसते. पुढे सवय होते. मग तेच मूल ऊस खात खात, गप्पा मारीत शाळेत जाते. मोठेपणी बाईमाणूस डोक्यावर हंडा घेऊन, शेजारणीशी बोलत बांधावरून चालते. पाऊल कुठे टाकायचे याचा विचार करावा लागत नाही. पाय आपले आपण चालतात.

म्हणून आपल्याला वाटते, चालणे हे पायांचे काम आणि विचार करणे हे डोक्याचे काम. पण ते खरे नाही. चालणे हेसुद्धा डोक्याचे काम आहे. तरुणपणी ते कळत नाही. म्हातारपणी कळते. ते कसे, हे या धड्यात पाहू.

आबा का थांबले?

समजा, एक आबा आणि त्यांचा नातू तळेगावच्या बाजारातून उर्से गावी परत येत आहेत. गाडीतून उतरून गावाच्या रस्त्याने दोघे चालले आहेत. नातू विचारतो, "आबा, वांगी काय भावानं घेतली?"

आबा थांबतात. "वांगी व्हय? थांब, सांगतो." भाव सांगून झाला, की पुन्हा चालू लागतात.

थोड्या वेळाने नातू म्हणतो, "आबा, आत्याचा फोन आला होता का?"

आबा पुन्हा थांबतात.

"आबा, चालता चालता बोला की! अंधार पडंल."

"बोलतोय न्हवं? दम धर जरा."

नातवाला वाटते, आबांना दम लागला. कोणी म्हणेल, कान गेले. कोणी म्हणेल, म्हातारा हट्टी झाला. खरे कारण बहुधा वेगळेच असते. आबांना चालण्यासाठी आता लक्ष द्यावे लागते. बोलण्यासाठीही लक्ष द्यावे लागते. लक्ष एकच, कामे दोन. म्हणून ते एक काम थांबवतात आणि दुसरे करतात.

बैल आणि गाडीवान

बैलगाडीचे उदाहरण घेऊ. बाजाराहून परतताना गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल गाडी बरोबर घरी आणतात. त्यांना वाट पाठ असते. गाडीवान मोकळा असतो. तो गाणे म्हणेल, तंबाखू मळेल, वाटेच्या माणसाशी बोलेल.

आता समजा, बैल नवे आहेत. त्यांना वाट ठाऊक नाही. मग गाडीवानाला कासरा हातात धरून सारखे पुढे पाहावे लागते. अशा वेळी कोणी त्याला बोलण्यात गुंतवले, तर गाडी थांबेल, नाहीतर चाक चरात जाईल.

आपल्या मेंदूचेही असेच आहे. मेंदूच्या आतल्या भागात सवयीची कामे चालतात. ते आपले बैल. मेंदूचा पुढचा भाग विचार करतो, हिशेब करतो, लक्ष देतो. तो आपला गाडीवान. वय वाढले, नजर व सांधे कमजोर झाले, की बैलांना वाट नीट उमगत नाही. मग गाडीवानाला चालण्यातही लक्ष घालावे लागते. त्याचे पहिले काम तर सुटत नाही. तेथे ओढाताण होते.

स्वीडन देशातील पाहणी

ही गोष्ट तपासून पाहिलेली आहे. स्वीडन देशात वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ माणसांची पाहणी झाली. ती १९९७ साली छापून आली. एक जण वृद्धाबरोबर चालायचा आणि चालता चालता बोलणे काढायचा. १२ माणसे उत्तर देण्यासाठी थांबली. पुढे सहा महिने कोण पडतो याची नोंद ठेवली. त्या १२ पैकी १० माणसे सहा महिन्यांत पडली.

किती साधी परीक्षा! यंत्र नाही, सुई नाही. नुसते बरोबर चालायचे आणि बोलायचे.

यावरून असे समजू नये की थांबणे वाईट. थांबणे हे शहाणपणच आहे. पण त्यातून आपल्याला सूचना मिळते. या माणसाला चालणे आता सोपे राहिले नाही, त्याला जपले पाहिजे, अशी ती सूचना. न थांबणारेही पडू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. म्हातारपणी पडणे साधे नसते. खुब्याचे हाड मोडले, की माणूस अंथरुणाला खिळतो. घरातला एक माणूस त्याच्यापाशी अडकतो. पैसाही जातो.

कंपवात

म्हातारपणी चाल थोडी मंदावतेच. पण काही वेळा त्यामागे आजार असतो. त्यांतला एक आजार म्हणजे कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. जेम्स पार्किन्सन हा लंडनचा डॉक्टर. त्याने १८१७ साली या आजारावर लहानसे पुस्तक लिहिले. त्यात सहा रुग्णांची हकिकत आहे. त्यातले काही रुग्ण तर त्याने रस्त्याने चालतानाच पाहिले होते. चाल पाहूनच त्याला आजाराची ओळख पटली.

मेंदूच्या आत एक लहानसा काळसर भाग आहे. तेथील पेशी डोपामिन नावाचा रस तयार करतात. सवयीच्या हालचाली सुरळीत चालण्यासाठी हा रस लागतो. कंपवातात त्या पेशी हळूहळू मरतात. रस कमी पडतो. म्हणजे आपल्या गोष्टीतले बैलच वाट विसरतात.

हा आजार बहुधा साठीच्या पुढे होतो. क्वचित तरुणांनाही होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो बाहेरची बाधा नाही आणि मागच्या जन्मीचे पापही नाही. म्हणून देवऋषीकडे वेळ घालवू नये.

सुरुवातीची लक्षणे अशी असतात. स्वस्थ बसले असता एक हात कापतो. चालताना एका बाजूचा हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो. पाऊल लहान पडते, पाय घासतो. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. अक्षर बारीक होत जाते. आवाज बसतो. चेहरा कोरा दिसतो, म्हणून लोकांना वाटते हा रागावला आहे. काहींना वास येईनासा होतो. सगळ्यांचे हात कापतातच असे नाही. आणि हात कापला म्हणजे कंपवातच झाला असेही नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. धडधाकट माणूस अडचणीच्या जागी आला, की बोलणे आपोआप बंद करतो. ओढ्याच्या निसरड्या दगडांवर कोणी गप्पा मारीत नाही. आधी पाय, मग बोलणे. कंपवाताच्या रुग्णाला पुष्कळदा हे आपोआप सुचत नाही. तो बोलत राहतो, हातातले ताट सांभाळत राहतो आणि इकडे पाऊल चुकते. आजार नवा असतानाही असे होऊ शकते. घरात चालताना काही दिसत नाही. पण हातात पाण्याचा तांब्या दिला किंवा हिशेब विचारला, की पावले बारीक होतात.

डॉक्टरही अशी परीक्षा घेतात. आधी नुसते चालायला सांगतात. मग शंभरातून तीन तीन वजा करीत चालायला सांगतात. दोन्ही वेळच्या चालीत किती फरक पडला ते पाहतात.

औषध

कंपवात मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. पण त्रास कमी करणारी चांगली औषधे आहेत. लेव्होडोपा हे त्यांतले मुख्य. १९६० नंतरच्या दशकात ते वापरात आले. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. त्याने रुग्ण बरीच वर्षे आपली कामे करू शकतो. गोळी ठरलेल्या वेळीच घ्यावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्या डोंगरात खाजकुहिलीचा वेल होतो. त्याच्या बियांत हेच लेव्होडोपा असते. म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत. किती पोटात गेले ते कळत नाही. गोळ्या चालू असताना जास्त झाले, तर अपाय होतो.

आजाराची शंका आली, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. तळेगावला डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय आहे. पुण्यात ससून रुग्णालय आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा गट आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे तेथे एकमेकांना धीर देतात, माहिती देतात.

घरी काय करावे?

आमच्या उर्से गावाशेजारून पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग गेला आहे. टोलनाका आहे. गावच्या रस्त्यांवरूनही मोटारी धावतात. अशा जागी म्हातारे माणूस फोनवर बोलत रस्ता ओलांडू लागले, तर अपघाताला वेळ लागत नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

१. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, न्हाणीघरात व बांधावर चालताना बोलू नये. बरोबरच्या माणसानेही बोलू नये.

२. फोन वाजला, तर आधी कडेला उभे राहावे, मग बोलावे. फोन वाजून बंद झाला तरी बिघडत नाही.

३. म्हाताऱ्या माणसाला मागून हाक मारू नये. पुढे येऊन बोलावे.

४. वळताना एकदम गर्रकन वळू नये. चार पावले टाकत सावकाश वळावे.

५. दोन्ही हातांत सामान घेऊ नये. एक हात आधाराला मोकळा ठेवावा.

६. वाटेत पायपुसणे, दोरी, वायर ठेवू नये. रात्री दिवा असावा.

७. आबा थांबले तर आपणही थांबावे. "चला लवकर" म्हणू नये.

सातवी गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच आपल्याला जमत नाही. म्हातारे माणूस आपल्या घाईने पडते, तसे दुसऱ्याच्या घाईनेही पडते.

सराव

मग म्हाताऱ्याने एका जागी बसून राहावे काय? मुळीच नाही. बसून राहिले, की पाय आणखी जड होतात. रोज चालावे. आणि चालता चालता विचार करण्याचा सरावही करता येतो. बेल्जियम व हॉलंड या देशांत कंपवाताच्या १२१ रुग्णांना सहा आठवडे असा सराव दिला. काहींना दोन्ही कामे एकत्र शिकवली, काहींना वेगवेगळी. त्याचा निकाल २०१७ साली छापून आला. दोन्ही प्रकारांनी दोन कामे करतानाची चाल सुधारली. सरावामुळे पडणे वाढले नाही. मात्र हा सराव शिकवणारा माणूस जाणता होता.

पुण्यात २०१० च्या सुमारास ऋषिकेश पवार या नृत्यशिक्षकांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. नाचताना ताल ऐकायचा, पुढचे पाऊल आठवायचे आणि शरीर हलवायचे. म्हणजे हाही विचार करीत हालण्याचाच सराव झाला.

आपल्या गावाला ताल नवा नाही. टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर वारकरी पावली खेळतात. ठेका ऐकू आला, की कंपवाताच्या रुग्णाचे पाऊलही पुष्कळदा मोठे व सारखे पडते. जणू बैलांना वाट दाखवणारा भेटतो. पाय जागीच खिळला, तर जमिनीवर आखलेली रेघ ओलांडायला सांगावे. किंवा "एक, दोन, एक, दोन" असे मोजावे. पुष्कळदा पाय सुटतो.

घरचा सराव डॉक्टरांना विचारून करावा. सपाट अंगण असावे. शेजारी धरणारे माणूस असावे. आधी नुसते चालावे. ते नीट जमले, की वीसपासून उलटे आकडे म्हणत चालावे. मग सातचा पाढा म्हणावा. पाय अडखळला, की पाढा सोडावा, पाय सांभाळावा. पाढा चुकला तर पुन्हा म्हणता येतो. मोडलेला खुबा तितक्या सहज सांधत नाही.

ज्याने आपल्याला बोट धरून चालायला शिकवले, त्याने आता वाटेत थांबून उत्तर दिले, तर आपणही दोन घटका थांबावे. त्यात आपला फार वेळ जात नाही.

प्रश्न

१. आबा उत्तर देण्यासाठी का थांबतात?

२. गाडीवान आणि बैल या उदाहरणातून मेंदूविषयी काय कळते?

३. कंपवाताची सुरुवातीची चार लक्षणे लिहा.

४. चालताना फोन वाजला तर काय करावे?

५. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाबरोबर आज थोडे चालून या. वाटेत सोपे बोलणे काढा. ते थांबतात का, ते पाहा. थांबले तर तुम्हीही थांबा.